जोर आणि ताबा

आमच्या नंदुरबार जिल्ह्यात गाडीची पारख चढावर करतात. जिल्ह्याचा दक्षिणेकडचा भाग तापीकाठचा, काळ्या मातीचा, बराचसा सपाट. उत्तरेला मात्र सातपुडा आडवा पसरलेला. शहाद्याहून तोरणमाळला जा, तळोद्याहून चांदसैली घाटाने धडगावला जा, नाहीतर अक्कलकुव्याहून देवगोई घाटाने मोलगीला जा. काही वेळाने रस्ता उभा राहतो आणि वळणामागून वळण सुरू होतं. म्हणून कुणी नवी-जुनी गाडी घेतली की मोहल्ल्यातला पहिला प्रश्न ठरलेला, “घाट चढते का?” उतरते कशी, हे कुणी विचारत नाही. वर गेलेली गाडी आपोआप खाली येणारच, असं सगळे धरून चालतात.

माझे अब्बा १९८० नंतरची वीसेक वर्षं या रस्त्यांवर जीप चालवत होते. आज माझा भाचा चालवतो. मधल्या पिढीतला मी शाळेत विज्ञान शिकवत राहिलो. त्यामुळे गाडी मला दोन्ही बाजूंनी भेटली, अब्बांच्या शेजारच्या सीटवरून आणि शाळेतल्या फळ्यावरून.

भाच्याला मोठ्या गाड्यांचं वेड आहे. इशाची नमाज झाली की ओट्यावर बसतो आणि मोबाइलवर परदेशी गाड्या दाखवतो. त्याची लाडकी गाडी बुगाटी वेरॉन. २००५ साली बाजारात आलेली, सोळा सिलिंडर, आठ लिटरचं इंजिन, चार टर्बो, १००१ अश्वशक्ती आणि ताशी चारशे किलोमीटरच्या पुढचा वेग. “मामू, गाडी में दम चाहिए,” तो म्हणतो, “बाकी सब ड्रायव्हर के हाथ में.”

मी त्याला तिचं वजन विचारलं. त्याने शोधून सांगितलं, जवळपास एकोणीसशे किलो. एवढं वजन एवढ्या वेगाने धावू लागलं की त्याला थांबवण्यासाठी आणि वळवण्यासाठी वेगळा पसारा लागतो. वेरॉनला खास बनावटीचे रुंद टायर लागतात, कार्बन-सिरॅमिकचे ब्रेक लागतात आणि वेगात ब्रेक दाबला की मागचा पंख उभा राहून हवेचा अडसर तयार करतो. म्हणजे जोर वाढवायला जेवढा पैसा लागला, तेवढाच तो आवरायलाही लागला.

मग मी त्याला लोटस एलिस शोधायला सांगितलं. ही इंग्लंडची गाडी १९९६ साली आली. अ‍ॅल्युमिनियमचे तुकडे चिकटवून केलेला तिचा सांगाडा सत्तर किलोच्या आत बसतो. दोन गडी सहज उचलतील. सगळी गाडी सव्वासातशे किलोच्या आसपास आणि इंजिन फक्त १२० अश्वशक्तीच्या घरातलं. सरळ रस्त्यावर वेरॉन तिला कुठल्या कुठे मागे टाकेल. वळणांच्या रस्त्यावर मात्र या छोट्या गाडीची चाल पाहून मोटारी पारखणारे लोक आजही तिचं नाव घेतात.

आपल्याकडेही एकदा असा प्रयत्न झाला होता. १९९८ साली गोव्यातून सॅन स्टॉर्म नावाची दोन माणसांची उघडी गाडी निघाली. फायबरची बॉडी, रेनॉचं बाराशे सीसीच्या आतलं इंजिन, साठ अश्वशक्ती. ती फार खपली नाही. जिथे गाडी घेताना माणूस आधी घरातली माणसं मोजतो, तिथे दोन सीटची गाडी कोण घेणार?

लोटस कंपनी उभी करणारा कॉलिन चॅपमन १९८२ साली वारला. त्याच्या हयातीत त्याच्या कंपनीने फॉर्म्युला वनचं बनवणाऱ्यांचं विश्वविजेतेपद सात वेळा मिळवलं. त्याचा विचार थोडक्यात असा होता. इंजिनचा जोर वाढवला तर गाडी सरळ रस्त्यावर पळते. वजन कमी केलं तर ती सगळीकडे पळते, वळणावर, ब्रेकवर आणि चढावरही. यात एक साखळी आहे. गाडी हलकी झाली की ब्रेक छोटे चालतात, स्प्रिंगा हलक्या चालतात, टायर अरुंद चालतात, इंजिनही लहान पुरतं, आणि त्यामुळे गाडी आणखी हलकी होते. जड गाडीत हीच साखळी उलटी फिरते.

हे का होतं, ते समजायला टायरकडे पाहावं लागतं. गाडी कितीही मोठी असो, जमिनीला तिचा स्पर्श चारच ठिकाणी होतो, आणि प्रत्येक ठिकाण साधारण आपल्या तळहाताएवढं. गाडी वळवणं, थांबवणं, पुढे नेणं ही सगळी कामं हे चार तळहातच करतात. टायरवर दुप्पट वजन टाकलं तर त्याची पकड वाढते, पण दुप्पट होत नाही. थोडी कमीच भरते. त्यात वळणावर आतल्या चाकांचं वजन बाहेरच्या चाकांवर जातं. वजन जेवढं जास्त आणि जेवढं उंचावर, तेवढं जास्त. अशा वेळी बाहेरच्या टायरवर ओझं पडतं आणि आतला टायर नुसता सोबतीला उरतो. तिथे जोराचा उपयोग नसतो. उलट वळणात ॲक्सिलरेटर दाबला की त्याच तळहातांकडून आणखी एक काम मागितलं जातं.

हे शास्त्र आमच्या भागातल्या लोकांना पुस्तकाशिवाय ठाऊक आहे. तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. देशभरातून व्यापारी येतात, मारवाडी, काठियावाडी घोडे येतात. अब्बा आम्हाला लहानपणी तिथे घेऊन जायचे. विकणारा घोडा सरळ पळवून दाखवायचा, धूळ उडायची, लोक वाहवा करायचे. अब्बांच्या ओळखीचे एक म्हातारे पारखी होते. ते शांतपणे म्हणायचे, “जोर तो भैंस में भी रहता. मोड़ के दिखाओ.” मग घोडा लहान गोलात फिरवला जायचा, भरधाव असताना थांबवला जायचा, उलट बाजूला वळवला जायचा. तेव्हा कळायचं की कुठला घोडा अंग सावरतो आणि कुठला स्वतःच्याच वजनाने भरकटतो.

भाचा म्हणाला, “पण मामू, आपली जीप तर दणकटच पाहिजे ना? घाटात हलकी गाडी काय कामाची?”

मी त्याला जीपची जन्मकथा सांगितली. १९४० साली अमेरिकी लष्कराने एक छोटी, चारही चाकांना जोर मिळणारी गाडी मागवली. त्यांची पहिली अट वजनाची होती, १३०० पौंड, म्हणजे ५९० किलो. एवढ्या वजनात अशी गाडी करणं कुणालाच शक्य नव्हतं. मग मर्यादा वाढवून २१६० पौंड, म्हणजे ९८० किलो केली गेली. विलीज कंपनीचं इंजिन साठ अश्वशक्तीचं, स्पर्धेतलं सगळ्यात दमदार. पण गाडी मर्यादेबाहेर जात होती. तेव्हा त्यांनी बोल्टांची जास्तीची लांबी कापली, पत्रे पातळ केले, रंगाचा थरसुद्धा मोजून दिला, असं सांगतात. चिखलात फसली तर चार-सहा शिपायांनी मिळून उचलावी, अशी ती गाडी होती. ज्या जीपला आपण ताकदीचं प्रतीक मानतो, ती हलकेपणाच्या अटीतून जन्मली.

तिची आपल्याकडची कहाणीही विसरण्यासारखी नाही. १९४५ साली महिंद्रा बंधूंनी मलिक गुलाम मुहम्मद यांच्यासोबत कंपनी काढली. तिचं नाव होतं ‘महिंद्रा अँड मोहम्मद’. फाळणी झाली, गुलाम मुहम्मद पाकिस्तानात गेले, तिथे पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. १९४८ साली कंपनीचं नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झालं. आद्याक्षरं तीच राहिली. अब्बांना हे कुणीतरी सांगितलं होतं. बोनेटवर फडकं मारताना ते कधी कधी हसून म्हणायचे, “इसमें आधा नाम अपना भी था.” त्या हसण्यात किती गंमत होती आणि किती खंत, हे मला तेव्हा कळलं नाही.

अब्बांच्या जीपला मागे टपावर चढायची शिडी होती. गाडी हातात आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी ती काढून टाकली. “शिडी असली की माणूस चढतोच,” त्यांचं म्हणणं. दुसरा नियम गिअरचा. ज्या गिअरमध्ये घाट चढलो, त्याच गिअरमध्ये उतरायचं. डिझेल वाचवायला न्यूट्रल करून गाडी सोडणारे ड्रायव्हर त्यांना अजिबात आवडत नसत.

त्यांच्या त्या नियमाचा हिशेब मी पुढे नववीच्या वर्गात फळ्यावर मांडत असे. घाटात पाचशे मीटर उंची उतरायची, असं धरा. साडेसहाशे किलोची मारुती ८००, आत चार माणसं, म्हणजे सगळं मिळून पावणेनऊशे किलोच्या आसपास. खाली येईपर्यंत या गाडीने जी ऊर्जा कुठेतरी टाकायची असते, तिच्यात साधारण पंधरा लिटर थंड पाणी उकळीला येईल. आता तेराशे किलोची जीप घ्या. परवान्याप्रमाणे दहा माणसं बसली तर हा आकडा तीस लिटरच्या वर जातो. बावीस माणसं भरली तर चाळीस लिटर ओलांडतो. गाडी तीच, ब्रेक तेच, ड्रम तेवढेच. एवढी उष्णता जाणार कुठे? खालच्या गिअरमध्ये असाल तर बरीचशी इंजिन सोसतं. न्यूट्रलमध्ये असाल तर सगळी ब्रेकच्या ड्रममध्ये उतरते. आधी लायनर जळाल्याचा वास येतो, मग ब्रेक ऑइलला उकळी फुटते, मग पॅडल पोकळ लागतं. मुलं हसत, कारण चाळीस लिटर पाणी म्हणजे घरचे दोन मोठे हंडे, हे त्यांना लगेच कळे. डोंगरातून शिकायला आलेली पावरा मुलं मात्र हसत नसत. त्यांनी तो वास घेतलेला असायचा.

वेगाचा हिशेब तर याहून कठोर. चाळीसच्या जागी साठने गाडी चालली तर वेग दीडपट होतो, पण थांबवायची ऊर्जा सव्वादोन पट होते.

म्हणून आमच्याकडे जड गाडी आणि हलकी गाडी हा भेद शोरूममध्ये ठरत नाही. तो स्टँडवर ठरतो. सकाळी सहाला रिकामी उभी असलेली जीप हलकी, तोल राखणारी, आज्ञेत असलेली गाडी असते. आठ वाजता तीच जीप निघते तेव्हा आत माणसं, मागे फाळक्यावर लटकलेली माणसं, टपावर पाच-सहा जण आणि आमचूरची पोती. वजन जवळजवळ दुप्पट होतं. त्यातला मोठा वाटा दोन मीटर उंचीवर जाऊन बसतो. कारखान्यातल्या इंजिनिअरने जे वजन, जी उंची, जे कमानपाटे धरून गाडी आखली होती, ती गाडी आता राहिलेलीच नसते. वळणावर ती आधी डोलते, मग ऐकेनाशी होते.

जानेवारी २०२१ मध्ये तोरणमाळ भागात मजुरांना घेऊन निघालेली गाडी दरीत कोसळली. ऑक्टोबर २०२५ मध्ये अस्तंब्याच्या यात्रेहून परतणाऱ्या भाविकांची पिकअप चांदसैली घाटात उलटली. दोन्ही वेळा मेलेली माणसं गरीब होती, बहुतेक तरुण होती. प्रत्येक अपघातामागे कारणांची वेगळी गुंतागुंत असते. पण अशा बातमीनंतर आठ दिवस सगळे ड्रायव्हरला शिव्या देतात आणि नवव्या दिवशी स्टँडवर पुन्हा माणसं टपावर चढताना दिसतात, हेही मी वर्षानुवर्षं पाहत आलो आहे.

ड्रायव्हरला शिव्या देणं सोपं आहे. माझ्या भाच्याचं गणित मी वहीत मांडून पाहिलं. गाडीचा हप्ता, डिझेल, टायर, मालकाचा वाटा, हे सगळं दहा सीटांत बसत नाही. चौदाव्या सीटपासून त्याचं घर चालायला लागतं. दुसरीकडे प्रवाशाचं गणित. बाजाराच्या दिवशी पाड्यावरून निघालेल्या बाईला संध्याकाळी परत जायचंच असतं. एसटी येते, पण सगळ्यांना पुरत नाही. होळीच्या आधी गुजरातेत कामाला गेलेली माणसं एकदम परततात. त्यांना काठीची होळी गाठायची असते. त्यांना टपावर जागा मिळाली तरी ते अल्लाचे, देवाचे आभार मानतात. पाड्यावर पोहोचायचं तर त्यांच्यापुढे दुसरी वाट नसते.

शहरात याची उलट बाजू दिसते. नंदुरबारच्या, शहाद्याच्या रस्त्यांवर आता दोन टनांहून जड गाड्या सर्रास फिरतात. आत बहुतेक वेळा एकच माणूस. त्यांना विचारलं तर म्हणतात, जड गाडी सुरक्षित. त्यात तथ्य आहे. ट्रकशी टक्कर झाली तर मारुती ८०० मधल्या माणसापेक्षा त्यांचा जीव वाचण्याची शक्यता जास्त. पण तीच जड गाडी मोटरसायकलवाल्यावर, पायी चालणाऱ्यावर आली तर तिचं वजन त्यांच्या वाट्याला येतं. एकाची सुरक्षितता दुसऱ्याच्या छातीवर उभी राहते.

हलकेपणाचंही कौतुक आंधळेपणाने करू नये. चॅपमनच्या गाड्या नाजूक असतात, असा आरोप त्याच्या हयातीतच होत असे. १९७० साली इटलीत मोंझाच्या ट्रॅकवर सराव करताना योखेन रिंट हा चालक लोटस गाडीतच गेला. त्या वर्षीचा विश्वविजेता तो मरणानंतर ठरला. त्या अपघातात ब्रेकचा शाफ्ट तुटल्याचं बोललं गेलं. वजन कुठवर काढायचं, यालाही हद्द आहे. आणि जड गाडीही नेहमी बेकाबू नसते. बॅटरीवर चालणाऱ्या मोटारी वजनाने भारी असतात, पण बहुतेकांची बॅटरी तळाशी, फरशीसारखी पसरलेली असते. वजन जमिनीलगत राहतं, म्हणून त्या वळणावर कमी डोलतात. शेवटी दोन प्रश्न उरतात. ओझं किती आहे आणि ते कुठे ठेवलं आहे?

आपल्या वाचकांना हे प्रश्न नवे वाटू नयेत. मुक्या उंटावर ताकदीबाहेर काम लादणाऱ्या मालकाला पैगंबरांनी सुनावलं होतं, ही हदीस आपण मदरशात ऐकलेली असते. सूरह बकराच्या अखेरीस पेलणार नाही असं ओझं आमच्यावर घालू नकोस, या अर्थाची विनवणी आहे. ती आपण स्वतःसाठी रोज करतो. पण आपल्या हाताखालच्या जनावराचं, यंत्राचं, त्या यंत्रात बसलेल्या माणसांचं ओझं मोजताना ती आठवत नाही.

अब्बांच्या जीपच्या डॅशबोर्डवर सवारीच्या दुआचं स्टिकर होतं. भाच्याच्या गाडीतही आहे. आपल्या बहुतेक ड्रायव्हरांच्या गाडीत असतं. गाडी सुरू करताना ती दुआ तोंडून निघते, पण अर्थाकडे लक्ष जात नाही. सूरह जुखरुफमधल्या त्या आयतींचा आशय असा की ही सवारी आमच्या ताब्यात कुणीतरी दिली आहे. आमच्या स्वतःच्या बळावर आम्ही तिला आवरू शकलो नसतो. आणि शेवटी आम्हाला परत आमच्या रबकडेच जायचं आहे. दमदार इंजिनाची बढाई मारणाऱ्याने ही दुआ अर्थासकट वाचावी. ताबा ही देणगी आहे, असं ती सांगते. देणगीचा हिशेब द्यावा लागतो.

मी हे सगळं भाच्याला ओट्यावर सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “मामू, हे मालकाला सांगा, हप्तेवाल्याला सांगा.” त्याचं बरोबर होतं. बाजाराच्या दिवशी घाटात जादा एसटी सोडली, पाड्यापर्यंत रस्ता आणि वळणांना कठडे नीट केले, खेपेच्या गाड्यांना परवडेल असं भाडं ठरवलं, तर टपावर बसायची वेळ कुणावर येणार नाही. पोलिसाने वर्षातून चार दिवस पावत्या फाडून ते होणार नाही.

तरीही मागच्या पावसाळ्याआधी त्याने एक गोष्ट केली. टपाची शिडी काढता येत नव्हती, ती मालकाची होती. त्याने तिच्या खालच्या तीन पायऱ्यांवर जाड पत्रा बसवून घेतला. आता बाजाराच्या दिवशी तो दोन खेपा करतो. दुसऱ्या खेपेत कधी सात सीटा असतात, कधी चार. डिझेलचं नुकसान होतं आणि घरी यायला इशाची अजान होऊन जाते. माझी बहीण दर खेपेला म्हणते, एवढी मेहनत आणि हातात काय? तो ताटावर बसतो आणि सांगतो की आज घाट उतरताना ब्रेक एकदाही गरम झाला नाही.